न घेतलेल्या घराची गोष्ट

हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला एक प्रश्न विचारला जातो, "कुठली गं तू?" मी "मालवण" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "अय्या, म्हणजे तुमचं घर अगदी समुद्रावर असेल ना?" मग सुट्टीत कोण कोण येणार, सुरमई कोण तळणार, स्कूबा डायव्हिंगचे पैसे कोण भरणार, इथपर्यंत प्लॅनिंग होतं. मी आपली हसते. कारण खरं उत्तर असं आहे की मालवणात आमचं घरच नाही. बाजाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत, त्याही भाड्याच्या. माझ्या जन्मापासून आजपर्यंत त्या खोल्यांचे मालक तीनदा बदलले, आम्ही मात्र तिथेच आहोत!

पण मागच्या वर्षी आमचं घर होता होता राहिलं. मासिकाला लेख दे असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मैत्रिणींनी 'पाऊस', 'आई', 'मोबाईल शाप की वरदान' असे हमखास विषय सुचवले. मी म्हटलं, नको. मला त्या न घेतलेल्या घराबद्दल लिहायचं आहे.

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी. शाळेत इंग्रजी, घरात मालवणी, आणि पुस्तकातली मराठी म्हणजे फक्त एक पेपर. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा आजही गोंधळ होतो (मेसच्या बिलाच्या वेळी सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे). त्यामुळे व्याकरणाच्या चुका पोटात घाला. ही जी काही मराठी मी लिहिते आहे ती बरीचशी मला सातबाऱ्याने शिकवली.

पप्पांचं बाजारात मोटर वायंडिंगचं छोटं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं त्यांनी लोकांचे पंप आणि मिक्सर दुरुस्त करून पैसे साठवले. एप्रिलमध्ये त्यांना कुणीतरी तारकर्लीच्या रस्त्याला एक घर विकायचं आहे असं सांगितलं. सबमिशन संपवून मे महिन्यात मी घरी गेले, तर पप्पा मला पहिल्याच दिवशी बाईकवर बसवून ते घर दाखवायला घेऊन गेले.

घर जुनं होतं, पण काय घर होतं! जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे सारवलेलं खळं, पडवी, मागे विहीर, आणि गडग्याच्या आत नऊ माड. नऊ, मी मोजले. दाराला कुलूप होतं, म्हणून आम्ही खिडकीच्या गजांतून आत डोकावलो. माजघरात गणपतीची माटवी बांधायच्या जागेवर छताला दोऱ्या तशाच लटकत होत्या. पप्पा म्हणाले, "हय तुझी खोली." मी लगेच मनातल्या मनात टेबल कुठे ठेवायचं ते ठरवून टाकलं.

किंमत बावीस लाख. आमच्याकडच्या लोकांना हा आकडा ऐकून शंका यायला हवी. १९९७ साली सिंधुदुर्गला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. किनाऱ्याजवळच्या ज्या जमिनीत पूर्वी माड सोडून कशाला भाव नव्हता, तिला आता रिसॉर्टवाले शोधत फिरतात. अशा ठिकाणी खळ्या-विहिरीसकट घर बावीस लाखात का मिळतंय, हा प्रश्न आम्ही तिघांपैकी कुणीच विचारला नाही. स्वस्त मिळणाऱ्या वस्तूला माणूस प्रश्न विचारत नाही, नशीब म्हणतो.

विकणारे गृहस्थ मुंबईचे चाकरमानी. त्यांना आपण नुसतं 'काका' म्हणू. बोलायला फार गोड. ते म्हणाले, "खरेदीखत कशाला करताय? मुद्रांक शुल्कात फुकट पैसे जातील. मी तुमच्या नावाने हक्कसोडपत्र करून देतो. पाचशे रुपयांत काम. सगळेच असं करतात." शिवाय दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, म्हणून विसार आजच द्या. पप्पांनी एक लाख रुपये विसार दिला. पावती एका वहीच्या पानावर घेतली. कागद नंतर आले!

ते कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. इंजिनीअरिंग करते म्हणजे हिला सगळं कळतं, असा घरच्यांचा समज असतो. त्या रात्री लाईट गेली होती. पप्पांनी मोबाईलचा टॉर्च धरला आणि म्हणाले, "वाच गो बाय, काय लिवलाहा ता." फाईलमध्ये एक ताजा सातबारा होता, त्यावर काकांच्या वारलेल्या वडिलांचं एकट्याचं नाव. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा काकांच्या नावाचा. नोटरीचे शिक्के मारलेली तीन हक्कसोडपत्रं: एक काकांच्या भावाचं, एक बहिणीचं, एक चुलतभावाचं. आणि तळाशी एका जुन्या फेरफाराची झेरॉक्स. बहुतेक ती चुकूनच राहिली असावी.

हक्कसोडपत्र हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो 'हक्क-सोडप-त्र' असा. नेटवर इंग्रजीत शोधलं तर अमेरिकेतलं 'क्विटक्लेम डीड' सापडलं. तिकडचे लोकसुद्धा त्याला चुकून 'क्विक क्लेम' म्हणतात म्हणे. नावाप्रमाणे काम झटपट होतं, पण तिथेही हा कागद करतात तो बहुधा भावाभावांत किंवा घटस्फोट घेणाऱ्या नवराबायकोत, घर घेण्यासाठी नाही. कारण त्यात देणारा एवढंच म्हणतो, 'या घरात माझा जो काही हक्क असेल तो मी सोडला.' असेल तो! नसेल तर? नसेल तर तुमचं नशीब. मी कन्याकुमारीला जाऊन 'गेट वे ऑफ इंडियावरचा माझा जो काही हक्क असेल तो सोडला' असं लिहून दिलं, तरी तो कागद खोटा ठरत नाही. फक्त घेणाऱ्याला काही मिळत नाही.

पण माझी गाडी अडली ती त्या जुन्या फेरफारावर. १९६८ सालची नोंद. काकांचे आजोबा वारले, त्यांच्या जागी थोरल्या मुलाचं, म्हणजे काकांच्या वडिलांचं नाव लागलं, आणि नावापुढे तीन अक्षरं: 'ए.कु.मॅ.' मला वाटलं हे कुणाचं तरी आडनाव आहे. मालवणात काय, कसलीही आडनावं असतात! पप्पांनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाईल घेऊन शेजारच्या अण्णांकडे गेलो. अण्णा महसूल खात्यातून रिटायर झालेत. त्यांनी चष्मा लावला, ती तीन अक्षरं वाचली आणि फाईल बंद करून पप्पांना विचारलं, "विसार दिलास?" पप्पांनी मान हलवली. "मग चाय घे," अण्णा म्हणाले.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. पूर्वी बाप वारला की सगळ्या वारसांची नावं लावत बसण्यापेक्षा थोरल्याचं नाव असं लावायचे. बाकीचे भाऊ मुंबईला गिरणीत, बहिणी सासरी. कुणाला घाई नव्हती, कारण जमिनीला भाव नव्हता. पुढे सातबारे पुन्हा लिहिताना आणि संगणकावर चढवताना कित्येक ठिकाणी ती तीन अक्षरं गळाली, आणि मॅनेजर दिसायला मालक झाला. पण अक्षरं गळाली म्हणून माणसांचा हक्क गळत नाही. सातबारा हा मुळात महसुलासाठी ठेवलेला अधिकार अभिलेख. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण मालकी त्याने निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलेलं आहे. घरपट्टीचं तर विचारूच नका. ती कोण भरतो एवढंच त्या उताऱ्यावरून कळतं.

मग अण्णांनी माझ्याकडून वहीच्या मागच्या पानावर झाड काढून घेतलं. आजोबांची सहा मुलं: चार भाऊ, दोन बहिणी. घर आजोबांनी स्वतः बांधलेलं, मृत्युपत्र नाही, आजीही नंतर वारली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी दोघंही वर्ग एकचे वारस, म्हणून प्रत्येकी एक षष्ठांश. काकांच्या वडिलांच्या षष्ठांशात काका, त्यांचा भाऊ आणि बहीण असे तिघं. म्हणजे काकांचा स्वतःचा हिस्सा अठरावा. बावीस लाखाचा अठरावा भाग एक लाख बावीस हजार. तेवढ्याच घराबद्दल ते प्रामाणिकपणे बोलू शकत होते. बाकीच्या सतरा भागांचे पैसे आम्ही कशाचे देणार होतो?

(घर पिढीजात असतं तर हिशोब वेगळा झाला असता. तिथे मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो सगळ्याच मुलींना दिला. आणि २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.)

"पण बाकीच्यांनी हक्कसोड करून दिलंच आहे ना?" मी विचारलं. अण्णांनी व्हायवा घेतल्यासारखं एकेक कागद माझ्यासमोर ठेवला. त्या दिवशी जे कळलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील कुठे ना कुठे जमीन किंवा घर घ्यायच्या विचारात असतात.

एक. तीनही हक्कसोडपत्रं फक्त नोटरी केलेली होती. नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरी सही कोणी केली एवढं सांगतो, हक्क इकडचा तिकडे करत नाही.

दोन. हक्कसोड होतं ते सहहिस्सेदाराच्या लाभात. भावाने भावासाठी, बहिणीने भावासाठी, आईने मुलासाठी. वडिलोपार्जित मालमत्तेत अशा जवळच्या नात्यांतच ते अल्प मुद्रांकावर होतं. पूर्वी दोनशे रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे. पप्पा त्या कुटुंबाचे कोणीच नाहीत. परक्या माणसाला पैसे घेऊन हक्क 'सोडला', तर नाव काहीही द्या, तो व्यवहार विक्रीच, आणि त्यावर विक्रीइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. म्हणजे पाचशे रुपयांत घर हा मुळातच भ्रम होता.

तीन. चुलतभावाने हक्क सोडला तो फक्त स्वतःचा. त्याच्या बहिणीचा किंवा आईचा तो सोडू शकत नाही. पुलाच्या सहा खांबांपैकी एकाची टेस्ट पास झाली म्हणून पूल पास होत नाही, तसंच.

चार. खरेदीखतात विकणारा 'ही मालमत्ता माझी आहे आणि मला विकायचा अधिकार आहे' अशी हमी देतो. त्याने लिहिलं नाही तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५ ती हमी गृहीत धरतं. 'माझा जो काही असेल तो' अशा भाषेत ही हमीच विरघळून जाते. नंतर पैसे परत मागायला गेलात, तर समोरचा म्हणू शकतो, 'मी कुठे म्हटलं होतं की सगळं घर माझं आहे?'

पाच, आणि हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. समजा आम्ही तो अठरावा हिस्सा रीतसर विकत घेतला असता, तरी त्याच अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला त्या घरात इतरांबरोबर राहायचा हक्क मिळत नाही. वाटपाचा दावा लावायचा. आणि दावा लावला की १८९३ च्या वाटप कायद्याखाली घरचा कुणीही माणूस म्हणू शकतो, याचा हिस्सा मीच किमतीला विकत घेतो. कायदा घराच्या माणसांना सांभाळतो, आणि मला विचाराल तर बरोबरच करतो. फक्त आपण बाहेरचे आहोत हे आपल्याला आधी कळलं पाहिजे.

एवढं ऐकून पप्पा म्हणाले, "मग कुळमुखत्यारपत्रावर?" अण्णा नुसते हसले. मुखत्यारपत्र देणारा वारला की सहसा ते संपतं, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घराची मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सूरज लॅम्प खटल्यात सांगून टाकलं आहे.

मग बरोबर रस्ता कोणता? तोही अण्णांनी सांगितला, आणि तो फारसा अवघड नाही, फक्त लांबचा आहे. आधीच्या सगळ्या फेरफारांची साखळी काढायची, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्यायचा, 'इतर हक्क' हा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचायचा (बहिणींची नावं पुष्कळदा तिथेच ढकललेली असतात), वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. नंतर एकतर सगळ्या हिस्सेदारांनी मिळून खरेदीखतावर सही करायची, नाहीतर सगळ्यांनी एका भावाच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोड करायचं आणि मग त्याने खरेदीखत करून द्यायचं. म्हणजे हक्कसोडपत्र वाईट नाही. घरातल्या घरात ते चांगलंच आहे. ते घर विकत घ्यायचं साधन नाही, एवढंच. आम्ही सिव्हिलवाले पाया घालायच्या आधी बोअर घेऊन खाली काय आहे ते बघतो. सर्च रिपोर्ट म्हणजे कागदांचं बोअर. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं तेव्हा पायात शिसं ओतलं असं म्हणतात, आणि इथे आम्ही वहीच्या पानावर लाख रुपये ओतून मोकळे झालो होतो!

जाता जाता अण्णा म्हणाले, जमीन बिनशेती नाही, म्हणजे घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. तुमच्या गावचा सातबारा आणून ठेव. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "काही काळजी करू नका. चतुर्थीला सगळे येतात, तेव्हा सगळ्यांच्या सह्या घेऊनच टाकू." पप्पांना धीर आला. आठवड्याने ते आमच्या गावचा सातबारा आणि फेरफार घेऊन आले.

मी आता फेरफार वाचण्यात तरबेज झाले होते. त्यामुळे आमचाही वाचला. आजोबा वारल्यावर तीन नावं लागली: मोठे काका, पप्पा आणि आत्या. त्याखालच्या नोंदीत आत्याचं नाव कंसात. कंस म्हणजे नाव कमी. कारण: 'नोंदणीकृत हक्कसोडपत्रान्वये'. आमचे कागद अगदी पक्के होते. अण्णांनी शंभरपैकी शंभर दिले असते. मी तो कागद परत फाईलमध्ये ठेवला आणि काही बोलले नाही.

चतुर्थीला मी सुट्टी टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही गणपती बघायच्या निमित्ताने त्या घरी गेलो. आणि काय सांगू, ज्या घराला मे महिन्यात कुलूप होतं, त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खळ्यात गाड्या, पडवीत चपलांचा ढीग, माजघरात माटवीला कवंडाळं, तिरडे, सगळं बांधलेलं. त्याच दोऱ्यांना. परळ, डोंबिवली, विरार, पुणे, सगळीकडून माणसं आली होती. भजनाला डबलबारीइतका आवाज. पप्पा प्रसाद हातात घेऊन नुसते बसले होते. नंतर म्हणाले, मी माणसं मोजत होतो.

स्वयंपाकघराच्या दारात एक म्हातारी बसली होती. काकांची आत्या, ऐंशीच्या पुढची, आचऱ्याच्या बाजूला दिलेली. दरवर्षी दीड दिवस माहेरी येते. तिने मला जवळ बसवून करंजी दिली आणि कुणाची कोण ते विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की हे घर आम्ही घेतोय. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या घर माझ्या बापाशीचा. माका कोणीच इचारुक नाय."

रागाने नाही म्हणाली. करंजी खा, असंही म्हणाली.

ती गणितातली एक षष्ठांश होती. मे महिन्यात मी वहीवर तिच्या नावाचा एक चौकोन काढला होता, आणि 'सही बाकी' असं लिहिलं होतं.

परत येताना बाईकवर मी पप्पांना विचारलं, "आत्याला विचारलं होतं तुम्ही?" त्यांना कळलं मी कोणत्या आत्याबद्दल बोलते आहे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळेच असा करतत गो."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. काकांच्या तोंडून.

रात्री मी आत्याला फोन लावला. तिला विचारलं की सही करताना तुला माहीत होतं का काय लिहिलंय. ती हसायला लागली. "सही केलय, साडी घेतलय, जेवलय आणि इलय." मग थोड्या वेळाने आपल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "हिस्सा मागितला असता तर मिळाला असता गं. पण मग माहेर राहिलं नसतं." मला कायद्याची सगळी कलमं पाठ होती, पण यावर उत्तर देता आलं नाही. माझी रूममेट पेडण्याची आहे. ती सांगते की त्यांच्या गोव्यात घर विकायचं तर नवऱ्याबरोबर बायकोचीही सही लागते. आमच्याकडे सही लागत नाही असं नाही. सही लागते, फक्त ती नाही म्हणण्यासाठी नसते.

घराचा व्यवहार आम्ही मोडला. एक लाखापैकी साठ हजार परत आले, बाकीचे 'देतो, देतो' म्हणून अजून येतायत. पप्पा म्हणतात, चाळीस हजारात बावीस लाख वाचले, स्वस्तात शिकलो. घराला परत कुलूप आहे. आम्ही परत दोन खोल्यांत.

दिवाळीला भाऊबिजेच्या दिवशी पप्पा आत्याकडे गेले, तेव्हा ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकून झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, तुझं नाव परत लावायचं का. मी तिथेच होते. सोडलेला हक्क नुसतं नाव लावून परत येत नाही, त्याला बक्षीसपत्र करावं लागेल, मोठ्या काकांशी बोलावं लागेल, हे आम्हाला आता माहीत आहे. आत्या म्हणाली, "आता काय करायचंय." पण म्हणताना तिने ताट हातात तसंच धरून ठेवलं होतं. पप्पांनी अजून मोठ्या काकांना विचारलेलं नाही. विचारणार आहेत म्हणतात. मी दर फोनला आठवण करते. माझा भाऊ दहावीत आहे. त्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय की मला साडी आवडत नाही.

आता हॉस्टेलवर माझी वेगळीच प्रॅक्टिस सुरू झाली आहे. रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी परवा घडी घातलेला सातबारा पुढे केला, "ताई, हे जरा बघ गं." मेसच्या मावशींनी भावाने पाठवलेला एक कागद दाखवला. कशाचा आहे ते त्यांना माहीत नव्हतं, 'सही करून पाठव' एवढंच फोनवर सांगितलेलं. मी वकील नाही, आणि ज्यांनी त्यांनी वकिलाकडेच जावं असं मी सगळ्यांना सांगते. पण वाचून दाखवायला वकील लागत नाही. मी मावशींना तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. सावकाश, कारण मला जलद वाचता येत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे सही केली की माझं नाव जाणार?"

मी म्हटलं, "हो मावशी."

त्यांनी कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली, आणि पोळ्या लाटायला गेल्या. सही केली का नाही, ते मी विचारलेलं नाही. ते त्यांचं त्या ठरवतील. पण आता विचारून ठरवतील.

तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी